‘दिलासा’ केंद्र: ओपीडीच्या शेजारची ती खोली नेमकं काय करते

मारहाण झालेली बाई पोलीस ठाण्यात जाण्याआधी, आणि पुष्कळदा त्याऐवजी, दवाखान्यात जाते. ‘डोकं दुखतंय, हॉस्पिटलला जाऊन येते’ एवढं सांगून घराबाहेर पडता येतं. वकिलाकडे चालले असं सांगता येत नाही. मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं केलं, ते हे ओळखून. घरात हिंसा सोसणाऱ्या बाईला रुग्णालयाच्या आतच समुपदेशन आणि आधार देणारं देशातलं हे पहिलं केंद्र. पुढे कुर्ल्याचं भाभा आणि शहरातली आणखी पालिका रुग्णालयं त्यात आली. याच कामाच्या केरळमधल्या ‘भूमिका’ केंद्रांचा साचाही रुग्णालयातलाच. आमच्या मते या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिचा पत्ता.

समुपदेशन मोफत आहे, आधी पोलीस तक्रार केलेली असावी अशी अट नाही, आणि नवऱ्याला सोडायचं की नाही हे बाईच ठरवते. बसल्या बसल्या ‘काय झालं ते सगळं सांगा’ असा तगादा लावायचा नसतो. आधी धोका किती आहे ते तपासायचं: मार वाढत चाललाय का, जिवे मारण्याची धमकी दिली का, ती गरोदर आहे का, जीव द्यावासा वाटतो का, आणि गळा दाबला होता का. या शेवटच्या प्रश्नाला आम्ही फार महत्त्व देतो. गळ्यावर वळ नसला तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर अशी लक्षणं असतील तर समुपदेशन बाजूला ठेवून तिला आधी डॉक्टरांकडे न्यायचं. त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल, तर निरीक्षणाखाली वॉर्डात दाखल करून एखाद-दोन दिवसांचा आसरा देता येतो. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर या हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या सरकारी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पण तिथे पोहोचायला आधी ते माहीत असावं लागतं, वॉर्डातली खाट मात्र समोरच असते.

घर सोडून जायचं ठरलं नसलं तरी तयारी करून ठेवायला सांगतात, आणि ते योग्यच आहे: आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, स्त्रीधनाची यादी आणि पावत्या यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे, थोडे पैसे वेगळे, शेजारणीशी ठरवलेली एक खूण.

सेवा लंगडी पडते ती खोलीच्या बाहेर, ओपीडी आणि कॅज्युअल्टीमध्ये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे त्या रोज रांगेत उभ्या असतातच, फक्त केसपेपरवर ‘जिन्यावरून पडले’ किंवा ‘चुकून फिनाईल प्यायले’ असं लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या वेळी झालेल्या जखमा, दंडावरचे वळ, वारंवार गर्भपात, तपासण्या स्वच्छ येऊनही न थांबणारी अंगदुखी, हे पाहून सिस्टरने विचारायला हवं. आणि विचारायचं ते एकटीला गाठून. सासू किंवा नवरा सोबत असेल तर त्यांना औषध आणायला पाठवायचं आणि मग साधं म्हणायचं, ‘अशा जखमा कधी कधी घरातल्या मारानेही होतात, तुमच्याकडे तसं काही होतं का?’ भर रांगेत ‘नवरा मारतो का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं आणि ती पुन्हा फिरकत नाही. निवासी डॉक्टर बदलत राहतात, म्हणून एकदाच प्रशिक्षण देऊन भागत नाही. ‘दिलासा’ने रुग्णालयातल्याच परिचारिका आणि डॉक्टरांना प्रशिक्षक बनवलं. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो.

कागद नीट झाला का, हे पाहायलाच हवं. ‘मारहाण’ एवढाच शब्द पुढे कोर्टात फारसा उपयोगाचा नाही. कोणी मारलं, त्याचं नातं काय, कशाने मारलं, कधी. जखम कुठे, किती सेंटिमीटर, रंग कोणता, हे तिच्याच शब्दांत आणि शरीराच्या आकृतीवर खुणा करून नोंदलं गेलं पाहिजे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागताना हाच पुरावा कामी येतो.

लैंगिक अत्याचारात घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांनंतर तिचा उपयोग नाही. पुराव्यासाठी शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात. उपचार, तपासणी, नमुने आणि पोलिसांना कळवणं यांवर वेगवेगळी संमती विचारली जावी. नमुन्यांना नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. खासगी रुग्णालयालाही मोफत उपचार द्यावेच लागतात. बाईला शरीरसंबंधांची ‘सवय’ आहे का हे ठरवण्यासाठी केल्या जाणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीवर केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. कपडे धुवू नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते आणि नमुना वाया जातो.

केंद्रात जाणार असाल तर एक काळजी घ्या. समुपदेशकाने फोन करावा का, कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. केसपेपर घरी नेणं धोक्याचं वाटत असेल तर तोही केंद्रातच ठेवता येईल का, ते विचारा.