मनगटावरचं नेटवर्क परदेशात : नऊ महिने वापरल्यावर

एडिंबराच्या दुसऱ्या सकाळी फोन आईच्या उशाशी ठेवला आणि नुसतं सिमवालं स्मार्टवॉच घालून पळायला निघाले. आईच्या फोनला रोमिंग घेतलं नव्हतं, म्हणून 'काही लागलं तर माझ्या फोनवरून कर' एवढं सांगून मोकळी झाले. हॉलिरूड पार्कात आर्थर्स सीट नावाची २५१ मीटर उंचीची टेकडी आहे, मृत ज्वालामुखीची. वर पोचले तोवर धुकं उतरलं होतं आणि परतताना वाट चुकून मी पलीकडे डडिंग्स्टनच्या तळ्याकडे उतरले. चांगला तासभर उशीर झाला. कळवावं म्हणून घड्याळातून फोन लावायला गेले आणि तिथेच थबकले. लावायचा कुणाला? आईजवळच्या फोनचा नंबर आणि माझ्या मनगटावरचा नंबर एकच!

तिकडे आई माझ्याच फोनवरून मलाच फोन लावत बसली होती, हे नंतर कळलं. शेवटी मॅप्समध्ये हॉटेल शोधलं, तिथलं फोनचं चिन्ह दाबलं आणि रिसेप्शनवरून खोलीत जोडून घेतलं. पाऊस भुरभुरत होता, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना, तीन वेळा भलतंच काहीतरी उघडलं. आईचा पहिला प्रश्न, "अगं, तुझा फोन तर माझ्याकडे आहे, मग तू बोलतेयस कशावरून?"

घड्याळ ॲपल वॉच सीरिज ९, सेल्युलरवालं, म्हणजे फोनशिवाय स्वतः मोबाइल नेटवर्क पकडणारं. नऊ महिने वापरतेय, त्यात तीन परदेश प्रवास झाले. पावलं, झोप, हृदयाचे ठोके यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. देशाबाहेर या नेटवर्कचं काय होतं, एवढंच सांगते.

मुळात माझा समज चुकीचा होता. मी प्रवासात फोनमध्ये ट्रॅव्हल ई-सिम (प्रवासापुरतं, कार्डाशिवायचं सिम) घालते, डेटा त्यावरून चालतो. मला वाटलं, घड्याळही तोच डेटा वापरेल. वापरतं, पण फोन जवळ असेल तोवरच, कारण तेव्हा ते ब्लूटूथवरून फोनच्या नेटवर बसलेलं असतं. फोन लांब गेला की ते ओळखीचं वाय-फाय शोधतं आणि तेही नसेल तरच स्वतःचं ई-सिम जागं करतं. हे ई-सिम तुमच्या नेहमीच्या ऑपरेटरचं असतं, घरच्या नंबराला बांधलेलं. बाजारातलं ट्रॅव्हल ई-सिम घड्याळात घालता येत नाही. म्हणजे फोनमध्ये स्वस्त डेटा भरून ठेवला तरी घड्याळ एकटं बाहेर पडलं की घरच्या ऑपरेटरच्या रोमिंगवर जातं. त्या ऑपरेटरला घड्याळाचं रोमिंग देता येत नसेल तर मनगटावर फक्त वेळ दिसते.

सीरिज ५ पासूनच्या सेल्युलर घड्याळांना वॉचओएस ९.१ (घड्याळाचं सॉफ्टवेअर) आल्यावर परदेशात रोमिंग करता येऊ लागलं. पण घड्याळाला जमतं म्हणजे ऑपरेटर देतोच असं नाही. माझ्या ऑपरेटरच्या ग्राहक सेवेवर तीन जणांनी तीन उत्तरं दिली. एकानं सांगितलं की फोनचा रोमिंग पॅक घड्याळालाही लागू होतो, दुसऱ्यानं वेगळा पॅक घ्यायला लावला, तिसरीला घड्याळात सिम असतं हेच पटेना. लेखी उत्तर मागितल्यावर पहिलं खरं निघालं. तुमचा ऑपरेटर वेगळा असेल, तेव्हा लेखीच मागा. आणि घड्याळाचं कनेक्शन निघण्याआधी सुरू करून घ्या, परदेशात पोचून सुरू करायच्या भरवशावर राहू नका. घड्याळाच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंगचं बटण वेगळं आहे. फोनमधलं चालू केलं म्हणजे झालं असं समजू नका.

टोकियोत उतरल्यावर तर मी स्वतःच घोळ घातला. विमानात फोन एअरप्लेन मोडवर टाकला, घड्याळानं त्याची नक्कल केली. उतरल्यावर फोनचा मोड काढला आणि घड्याळाचाही आपोआप निघाला असेल असं धरून चालले. तसं होत नाही. तशी सेटिंग असली की चालू करताना दोघं एकमेकांचं बघून करतात, बंद मात्र प्रत्येकावर वेगळं करावं लागतं. संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात ऑपरेटरला शिव्या देत होते आणि स्क्रीनवर ते छोटं विमान मजेत बसलं होतं.

गंमत म्हणजे टोकियोत घड्याळाचा सगळ्यात जास्त उपयोग ज्या कामाला झाला, त्याला नेटवर्क लागतच नाही. घड्याळातल्या वॉलेट ॲपमध्ये सुइका (जपानमधलं रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) घालून एक्स्प्रेस मोड चालू ठेवला की स्टेशनच्या गेटवर मनगट टेकवायचं आणि चालत राहायचं. ॲप उघडायला नको, पासकोड नको. कार्डात पैसे असले की झालं. फक्त गेटचा रीडर उजवीकडे आणि माझं घड्याळ डाव्या हातात, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक गेटवर अंगाला पीळ देऊन जात होते. तिसऱ्या दिवशी घड्याळ उजव्या हातात बांधलं.

तिथेच एका रात्री फोनची बॅटरी संपली. तिकीट काढायला आईचा टॅब घेतला, कार्डाचा नंबर टाकला आणि ओटीपीची वाट बघत बसले. घड्याळाला नेटवर्क पूर्ण होतं, पण ओटीपी येईना. साधे एसएमएस घड्याळावर येतात ते फोनमार्फत. फोन जवळ नसला तरी चालतो, पण तो कुठेतरी चालू असावा लागतो आणि नेटवर्कला जोडलेला असावा लागतो. आयमेसेज (ॲपलचे इंटरनेटवरून येणारे मेसेज) आणि फोन कॉल थेट येतात, एसएमएस नाही. बँकेचा व्यवहार घड्याळाच्या भरवशावर सोडायचा नाही हे त्या रात्री कळलं.

ऑफलाइन नकाशांचंही तसंच. फोनवर उतरवलेले नकाशे माझ्या घड्याळात दिसायचे खरे, पण फोन चालू आणि जवळ असेल तरच. टेकडीवर फोनशिवाय नकाशा दिसला तो रोमिंगच्या डेटामुळे. त्या एका सकाळीच सेल्युलरचे पैसे वसूल झाले असं मला अजूनही वाटतं.

बॅटरीचं गणित कंपनी लपवत नाही, आपणच वाचत नाही. १८ तासांचा जो दावा आहे त्यात एलटीईचे (म्हणजे घड्याळाच्या स्वतःच्या ४जी नेटवर्कचे) फक्त ४ तास धरलेत, उरलेले १४ फोनच्या सोबतीचे. एलटीईवर सलग बोलायचं तर साधारण दीड तास. त्या सकाळी जीपीएस, नकाशा, एक फोन कॉल आणि येणारं-जाणारं नेटवर्क मिळून सव्वादोन तासांत बॅटरी शंभरावरून अठ्ठावन्नवर आली. लो पॉवर मोड असतो, पण त्यात फोन जवळ नसताना वाय-फाय आणि सेल्युलर दोन्ही बंद होतात, म्हणजे ज्यासाठी घड्याळ एकटं नेलं तेच जातं. दिलासा एवढाच की पाऊण तासात शून्यावरून ८० टक्के चार्ज होतं. आंघोळ आणि आवराआवर होईपर्यंत पुरेसं भरतं.

तिसऱ्या देशात ऑपरेटरचा करारच अर्धवट निघाला. डेटा यायचा, कॉल लागायचे नाहीत. चार दिवस घड्याळ फोनच्या शेपटासारखं वापरलं आणि फारसं अडलंही नाही. म्हणूनच कुणी विचारलं तर मी आधी एक प्रश्न विचारते : परदेशात तुम्ही फोन खोलीवर ठेवून खरंच बाहेर पडता का? पळणं, पोहणं, पहाटेचं एकट्यानं भटकणं असेल तर सेल्युलर घ्या. नाहीतर सिम नसलेलं जीपीएसवालं पुरतं, उरलेल्या पैशांत पॉवर बँक येईल.

संकटात बाजूचं बटण दाबून धरलं की ते त्या देशाचा आपत्कालीन नंबर स्वतः लावतं, हे मात्र आईला दोनदा दाखवून ठेवलंय. माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

आता पोचल्या पोचल्या हॉटेलचा नंबर कॉन्टॅक्ट्समध्ये भरते. आईच्या नंबरालाही रोमिंग घेते. परवाच्या प्रवासात मी नदीकाठी अर्ध्या वाटेवर असताना मनगट थरथरलं. धापा टाकत उचललं, तर आई विचारते, "अगं, त्या गीझरचं बटण कुठल्या बाजूला आहे?"