निलंबनाचा खुलासा उत्तम, आकड्याचा हिशेब मात्र गुलदस्त्यात

बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आदळणाऱ्या खेळाडूला निलंबित केले की लीगचा खेळाडू सुरक्षा विभाग त्या निर्णयाचा खुलासा करणारा छोटा व्हिडिओ सर्वांसाठी मोफत प्रसिद्ध करतो. २०११ मध्ये ब्रेंडन शॅनाहन यांच्याकडे या विभागाची सूत्रे आली, तेव्हापासूनची ही प्रथा मला पंचांच्या शिट्टीपेक्षा अधिक शिकवून गेली आहे.

मार्च २०१० मध्ये मॅट कुक या खेळाडूने प्रतिस्पर्धी मार्क सवार्डला डोक्यावर धडक देऊन जायबंदी केले आणि तरीही त्याला एका सामन्याचीही बंदी झाली नाही, कारण तशी धडक तेव्हा नियमबाह्यच नव्हती. त्याच महिन्यात जो नियम आला, तोच पुढे बदलत आजचा नियम ४८ झाला. डोके हाच धडकेचा मुख्य बिंदू होता का आणि ती धडक टाळता आली असती का, हे दोन प्रश्न तो विचारतो. अशा व्हिडिओत खांदा जबड्याला लागतो नेमक्या त्या क्षणी चित्र थांबते. धड जागच्या जागी असते आणि मान मात्र मागे फेकलेली दिसते. ‘समोरचा ऐनवेळी वाकला’ हा नेहमीचा बचावही निवेदक टाळत नाही, तर दृश्य मागे नेऊन तपासतो.

घोडे अडते ते शेवटी. धडक बेकायदा, दुखापत झाली, पूर्वीचा लौकिक असा, एवढे सांगून थेट सामन्यांची संख्या जाहीर होते. गणिताच्या वहीत रीत लिहायची आणि शेवटची पायरी गाळून उत्तर मांडायचे, तसा हा प्रकार आहे. २०१८ मध्ये ऑस्कर सुंडक्विस्टवरील धडकेसाठी टॉम विल्सनला २० सामन्यांची बंदी झाली. गेल्या १०५ सामन्यांतले ते त्याचे चौथे निलंबन होते, त्यामुळे कठोरपणा समजण्यासारखा होता. पण पुढे तटस्थ लवाद श्याम दास यांनी ती १४ वर आणली, आणि तोवर विल्सन १६ सामने बाहेर बसलेला होता. वीस कसे आले, हे व्हिडिओ पुन्हा पाहूनही उमगत नाही.

तरीही हे व्हिडिओ जरूर पाहावेत. फक्त पहिल्यांदा आवाज बंद ठेवून मूळ वेगात पाहावे. संथ गतीत प्रत्येक धडक टाळता येण्याजोगीच वाटते.