खांबाचा तळ कुजला: सिमेंटचा वेढा की सागाचा सांधा?

जुन्या वाड्यात माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) भार भिंतींपेक्षा खांब-तुळयांवर असतो. 1993 च्या किल्लारी भूकंपात अनेक घरांच्या दगड-मातीच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडे उभे राहिले. म्हणून खांबाची दुरुस्ती गिलावा-रंगाच्या आधी करायची.

प्रथम कूज मोजा. तळापासून वर हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज संपून खणखणीत आवाज येऊ लागला, की तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. तो सहज आत गेला, तर कूज अजून वर आहे.

कुजलेल्या तळाभोवती काँक्रीटचा वेढा घालणे स्वस्त पडते आणि दोन-तीन दिवसांत होतो, म्हणून गवंडी बहुधा तोच सुचवतात. आम्ही तो कधीच सुचवणार नाही. जोत्यातून चढणारी ओल माती-चुन्यातून उडून जाते. सिमेंटमध्ये ती कोंडते आणि चांगले लाकूडही आतून कुजते. बाहेरून काहीच दिसत नाही. पूर्ण खांब आरसीसीचा केला, तर तो शेजारच्या लवचीक खांबांपेक्षा हादऱ्याचा जास्त भार ओढून घेतो, आणि तुळईशी त्याचा जोड कमकुवतच राहतो.

सागाच्या सांध्याला, म्हणजे कुजलेला तळ कापून तिथे सागाचा नवा तुकडा जोडायला, जाणता सुतार लागतो, खर्चही जास्त. आधी तुळईखाली दोन्ही बाजूंना जॅकचे टेकू द्या. भार खांबावरून सुटेल इतकेच, 2-3 मिमी उचला. जास्त उचलले तर वरचे सांधे उघडतात. कुजलेला भाग चांगल्या लाकडात 15 सेंमी वरपर्यंत कापा. नवा तुकडा चांगला वाळलेल्या सागाचाच हवा. ओला घातला तर आकसून सांधा सैल होतो. तिरक्या सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट ठेवा: 20 सेंमीच्या खांबाला 60 सेंमी. त्यात लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेस बोल्ट घाला. साधे लोखंड गंजून फुगते आणि लाकूड फोडते. तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) शिशाचा पत्रा अंथरून मगच खांब टेकवा.

कूज वीतभरच असेल, तर सांध्याचीही गरज नाही. तेवढा तुकडा कापून खाली उंच तळखडा बसवा. न्हाणीशेजारच्या खांबाला तर हाच उपाय आधी करावा, कारण तिथे रोज पाणी सांडते. कूज अर्ध्या उंचीच्या वर गेली असेल, तर मात्र पूर्ण खांब सागाचाच बदला.