जीसीएलसी अँटिबॉडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेशीतले प्रमुख अँटिऑक्सिडंट असलेले ग्लुटाथायोन दोन टप्प्यांत तयार होते आणि त्यातील पहिला टप्पा, म्हणजे ग्लुटामेट व सिस्टीन यांची जोडणी, बहुतेक वेळा साऱ्या प्रक्रियेचा वेग ठरवतो. ही जोडणी करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) उत्प्रेरक घटक, जीसीएलसी, ओळखून त्याला चिकटणारी सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचे मिश्रण असलेली) अँटिबॉडी आम्ही नाशिकच्या प्रयोगशाळेत गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहोत. द्राक्षबियांच्या अर्काने हेपजीटू या मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींमधील हा विकर वाढतो का, एवढेच आम्हाला पाहायचे आहे. वाइनरीतला चोथा इथे हवा तेवढा मिळतो. अडते ते मेम्ब्रेनवर, म्हणजे पेशींतील प्रथिने उतरवून घेतलेल्या पातळ पडद्यावर.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधण्याच्या पद्धतीत) अँटिबॉडी एकास हजार प्रमाणात पातळ केल्यास ७३ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) जवळ ठसठशीत बँड, म्हणजे पट्टा, येतो. दूध पावडरीने ब्लॉक केल्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकल्यावर, त्याखाली एक फिकट रेघ उमटत असे. पाच टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील प्रथिन) वापरू लागल्यापासून ती गेली. नमुन्याच्या बफरमधील डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) मात्र ताजे हवे, कारण हा घटक त्याच्या ३१ किलोडाल्टनच्या जोडीदाराशी, जीसीएलएमशी, डायसल्फाइड बंधाने जोडलेला राहू शकतो आणि मग शंभराच्या वर नको तो बँड दिसू लागतो.

नियंत्रण नमुना निवडताना अनेकांना बीएसओ हे रसायन सुचते. बीएसओ विकराचे काम थांबवते, प्रथिन नाहीसे करत नाही. त्यामुळे ग्लुटाथायोन घटले तरी बँड जागेवरच असतो, आणि यात अँटिबॉडीचा काही दोष नाही. निगेटिव्हसाठी एसआयआरएनए (हे प्रथिन बनणेच रोखणारा छोटा आरएनए) दिलेल्या पेशीच घ्याव्यात. पॉझिटिव्हसाठी सल्फोराफेन हे रसायन उत्तम, कारण ते एनआरएफ-टू या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनामार्फत या जनुकाला चालना देते.

इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (पेशीतले प्रथिन चमकत्या रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) मात्र मी या अँटिबॉडीची शिफारस करणार नाही. विकर पेशीद्रवात असतो, पण आमच्या स्लाइडवर केंद्रकेही उजळली, आणि एसआयआरएनए दिलेल्या पेशींतही ती तशीच उजळलेली राहिली. माहितीपत्रकात या वापरापुढे बरोबरची खूण आहे. कंपनीला विचारले, तर तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवण्यात आले! दुसऱ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपेची) पार्श्वभूमीही पहिल्यापेक्षा गडद निघाली, पॉलिक्लोनलमध्ये हे अनपेक्षित नाही, म्हणून जुन्या लॉटमधील थोडा साठा तुलनेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

साठवणुकीची तक्रार नाही. द्रावणात निम्मे ग्लिसरॉल असल्याने ते उणे २० अंशांवर गोठत नाही आणि उन्हाळ्यात वीज गेली तरी गोठण्या-वितळण्याचा फटका बसत नाही. मात्र टिकवण्यासाठी सोडियम अझाइड घातलेली पातळ अँटिबॉडी पुन्हा वापरायची असेल, तर दुय्यम अँटिबॉडीपूर्वी (पहिलीला चिकटून बँड दाखवणाऱ्या अँटिबॉडीपूर्वी) मेम्ब्रेन नीट धुवावे, कारण अझाइड तिला जोडलेल्या एचआरपी या विकराला निकामी करते.

किंमत जास्त असल्याने आम्ही मेम्ब्रेन ५० किलोडाल्टनच्या खुणेवर कापतो: वरच्या तुकड्यावर ही अँटिबॉडी, खालच्यावर जीसीएलएमची, आणि त्यानंतर त्याच तुकड्यावर, सगळ्या नमुन्यांत प्रथिन सारखे भरले का हे पाहण्यासाठी, ४२ किलोडाल्टनचे अ‍ॅक्टिन.