शिक्षा भोगून आलेला मल्ल: मैदानात घ्यायचा की तालमीतही?

असा मल्ल सोलापुरातल्या एखाद्या तालमीच्या दारात उभा राहिला की कमिटीत लगेच दोन तट पडतात: 'येऊ दे' आणि 'पाय ठेवू देऊ नका'. पण प्रश्न दोन आहेत. त्याला कुस्ती लढू द्यायची का, आणि तालमीत पोरांमध्ये वावरू द्यायचं का. पहिल्याला 'हो' म्हटलं म्हणून दुसऱ्याला म्हणावंच लागतं असं नाही.

मैदानात तो असतो काही मिनिटं, तेही पंच आणि हजारो डोळ्यांसमोर. माइक टायसन बलात्काराची शिक्षा भोगून मार्च १९९५ मध्ये सुटला आणि ऑगस्टमध्ये रिंगमध्ये उतरला. नेदरलँड्सच्या स्टीव्हन व्हॅन डे वेल्डेला १२ वर्षांच्या मुलीवरील बलात्काराबद्दल २०१६ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो बीच व्हॉलीबॉल खेळला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि त्याची राहायची सोय क्रीडाग्रामाबाहेर होती. खेळला, पण इतरांत राहिला नाही.

मैदानाने स्वतःच कडक व्हावं असा गुन्हा एकच: नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली लढत. लॉर्ड्सवर २०१० मध्ये पैसे घेऊन मुद्दाम नो-बॉल टाकणाऱ्या मोहम्मद आमिरला तुरुंगवास ६ महिन्यांचा, खेळबंदी मात्र ५ वर्षांची. कोर्टाच्या मापाने खेळाने मोजू नये. आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या प्रकरणात क्रिकेटपटू श्रीसंतला कोर्टाने २०१५ मध्ये आरोपमुक्त केलं, तरी त्याची बंदी २०२० पर्यंत चाललीच.

तालीम वेगळी. पहाटे पाचला माती उकरणारी, जोर-बैठका मारणारी पोरं दहा-बारा वर्षांची, काही तिथंच मुक्कामाला. मालिश, आंघोळ, झोप सगळं एकत्र. घोटाळा होतो तो किल्लीवरून. सुरुवातीला 'फक्त मेहनत करू दे' म्हणतात. वस्ताद दोन दिवस गावी जातात, किल्ली त्याच्याकडे येते, महिन्याभरात लहान पोरांना डाव तोच शिकवत असतो. तसा ठराव कुणीच केलेला नसतो. म्हणून आधीच लिहून ठेवा: मेहनतीची वेळ कुठली, किल्ली नाही, मुक्काम नाही, पोरं असताना दुसरा मोठा माणूस हजर. गुन्हा पॉक्सोखालचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा) असेल तर पोरांच्या तालमीत प्रवेशच नको. लढायचं असेल तर मेहनत त्याने मोठ्या मल्लांसोबत दुसरीकडे करावी. आमच्या मते यात तडजोड नाही. मारामारी किंवा गाडीच्या अपघाताचं प्रकरण असेल तर वरच्या अटी पुरतात.

कागद आधी मागा. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्याच, पण निकालपत्राची प्रमाणित नक्कलही हवी. कलमं, घटना, वय सगळं तिथंच कळतं. 'स्थगिती मिळालीय' असं तो म्हणाला तर आदेश वाचा. बहुतेकदा स्थगिती शिक्षेला असते, दोषी ठरवल्याचा निकाल तसाच राहतो. अपील चालू असेल तर निकालानंतर फेरविचार, असं ठरावात घाला. इंग्लंडचा फुटबॉलपटू चेड इव्हान्स २०१२ मध्ये दोषी ठरला, २०१६ मध्ये फेरसुनावणीत निर्दोष सुटला.

राहिली यात्रेतली जोड. फिर्यादीच्या गावच्या मैदानात पहिलं वर्षभर तरी त्याची कुस्ती लावू नका. हलगी वाजायच्या आधी तिथं दगड येतात.