प्रकाश जिथे पोहोचत नाही: सर्किट बोर्डासाठी यूव्ही कोटिंग घ्यावं की दुसरं काही?

सर्किट बोर्डाला ओलावा, धूळ आणि क्षारांपासून वाचवणारा लेप निवडायला बसलं की यूव्ही कोटिंगचा, म्हणजे अतिनील प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपाचा, वेग लगेच भुरळ घालतो. तो वेग खराही आहे. पुरेसा प्रखर यूव्ही प्रकाश पडला की अ‍ॅक्रिलेट जातीचा ओला द्रव काही सेकंदांत कडक होतो. बहुतेक यूव्ही कोटिंगमध्ये सॉल्व्हंट नसतं, त्यामुळे वास कमी, आणि बोर्ड लगेच पुढच्या कामाला. तरीही माझं आग्रहाचं सांगणं असं, की निवड वेगावरून करू नका. आधी बोर्ड हातात घ्या, दिवा जिथे असणार तिथून त्याच्याकडे बघा आणि सावल्या मोजा.

एका बोर्डावर मी हे शिकलो. लेप झाला, दिव्याखालून गेला, वरून बोट फिरवलं तर कोरडा ठणठणीत. तपासणीच्या काळ्या (मंद अतिनील) दिव्याखाली लेप सगळीकडे सलग निळा चमकत होता. उंच कपॅसिटरच्या आडोशाला असलेली एक चिप पक्कडीने उचकटली, तर तिच्या पोटाखाली द्रव तसाच ओला. टाचणी लावली की तार धरत होता. पातळ द्रव चिपखालच्या फटीत आपसूक ओढला जातो, प्रकाश मात्र त्याच्या मागे वळून जात नाही. आणि ती निळी चमक लेप कुठे पोहोचला एवढंच सांगते, तो घट्ट झाला की नाही ते सांगत नाही. ही गोष्ट मी आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

म्हणून गुंतागुंतीच्या बोर्डाला नुसतं यूव्ही कोटिंग घेऊ नये, दुहेरी क्युअरचंच घ्यावं, म्हणजे प्रकाशाखेरीज आणखी एका मार्गानेही घट्ट होणारं. त्यात दोन वाटा आहेत. एकात सावलीतला भाग हवेतल्या ओलाव्याने हळूहळू घट्ट होतो. याला दिवस लागतात आणि कोरड्या खोलीत आणखी उशीर होतो. मधल्या काळात बोर्ड हवाबंद पिशवीत बंद करू नका. यातल्या आयसोसायनेट असलेल्या कोटिंगसाठी हवा खेचून घेणारी यंत्रणा हवीच, कारण श्वासातून गेलेल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. दुसऱ्या वाटेत उष्णतेने क्युअर होतं. ते जास्त खात्रीचं, पण ओव्हन परत आला, आणि बोर्डावरच्या सगळ्या भागांना ते तापमान झेपलं पाहिजे. कॅटायनिक इपॉक्सी ही अ‍ॅक्रिलेटहून वेगळ्या जातीची यूव्ही कोटिंग, ती दिवा बंद झाल्यावरही काही काळ घट्ट होत राहते, पण सुरुवातीला तिला प्रकाश मिळावाच लागतो आणि बोर्डावर अमाइनचे (क्षारधर्मी रसायनांचे) अवशेष उरले असतील तर ती अडते.

दिव्याचीही निवड कोटिंगबरोबरच करावी. मर्क्युरी दिवा अनेक तरंगलांबींचा प्रकाश देतो. एलईडी दिवा 365, 385, 395 किंवा 405 नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात. कोटिंगमधलं फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश शोषून घट्ट होण्याची अभिक्रिया सुरू करणारं रसायन, त्या पट्ट्यातला प्रकाश शोषत नसेल, तर दिवा कितीही महाग असला तरी उपयोग नाही. एलईडीखाली अ‍ॅक्रिलेटचा वरचा पापुद्रा कधी कधी चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन अभिक्रिया थोपवतो. तीव्रता वाढवणं किंवा नायट्रोजन सोडणं हे त्यावरचे उपाय. मोजमाप बोर्डाच्या पातळीवरच करा. उंच भागाचा माथा दिव्याच्या जवळ असतो आणि तळ लांब, त्यामुळे दोघांना मिळणारा डोस सारखा नसतो.

आता बाकीचे पर्याय. सॉल्व्हंटमधलं अ‍ॅक्रिलिक मला कमी संख्येच्या, वारंवार दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांसाठी आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सॉल्व्हंट लावला की लेप सुटतो, भाग बदला, परत लेप द्या. यूव्ही कोटिंग एकदा घट्ट झालं की सॉल्व्हंटला दाद देत नाही. खरवडावं लागतं आणि त्यात पॅड (भाग जिथे डाखतात तो तांब्याचा ठिपका) उखडण्याची भीती. अर्थात अ‍ॅक्रिलिक इंधन किंवा सॉल्व्हंटच्या संपर्कात टिकणार नाही.

सिलिकॉन मऊ राहतं आणि साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतं. सतत तापणाऱ्या-थंडावणाऱ्या बोर्डावर, जिथे कडक लेपाला तडे जातात, तिथे तेच घ्या. मात्र पाण्याची वाफ त्यातून बऱ्यापैकी आरपार जाते.

पॅरिलीन या सगळ्यांपेक्षा वेगळं. ते द्रव नाहीच. निर्वातात त्याची वाफ खोलीच्या तापमानाला थेट पृष्ठभागावर बसते, चिपखाली, छिद्रांत, धारदार कडांवरही. द्रव लेप कडेवरून पृष्ठताणामुळे मागे सरतो आणि नेमका तिथेच पातळ होतो. पॅरिलीनला ती अडचण नाही. सर्वसाधारण मानकांत अ‍ॅक्रिलिक, युरेथेन आणि इपॉक्सीसाठी 0.03 ते 0.13 मिलिमीटर जाडी धरतात, सिलिकॉनसाठी 0.05 ते 0.21, आणि पॅरिलीनला 0.01 ते 0.05 पुरते. शरीरात बसवायच्या उपकरणांतही ते वापरतात. पण काम घाण्यागणिक चालतं, दर घाण्याला तास जातात, आणि वाफ कनेक्टरमध्येही शिरते म्हणून मास्किंग, म्हणजे लेप नको ते भाग आधी झाकणं, अगदी काटेकोर लागतं.

माझा कौल असा: संख्या मोठी, भाग बहुतेक बुटके, दुरुस्ती क्वचित, तर दुहेरी क्युअरचं यूव्ही. आतल्या कोपऱ्यांतही सलग थर हवाच असेल आणि वेळ परवडत असेल, तर पॅरिलीन. यूव्हीकडे वळणारच असाल तर पुरवठादाराच्या सपाट काचपट्टीवरचा नमुना बघून होकार देऊ नका. स्वतःचा पूर्ण भाग लावलेला बोर्ड द्या, दुसऱ्या क्युअरची सांगितलेली मुदत पूर्ण होऊ द्या, मग सगळ्यात मोठी चिप उचकटा आणि खाली टाचणी लावून बघा.