‘अ‍ॅट द डोअर’ की ‘बॅड डिसिजन्स’?

न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्स या रॉक बँडला सूर पुन्हा गवसला, तो फेब्रुवारी २०२०च्या या दोन सिंगल्सपैकी कुठल्यात?

‘बॅड डिसिजन्स’ लगेच आवडतं. खणखणीत गिटार, धावता ठेका, थेट २००१च्या त्यांच्या पहिल्या अल्बमची आठवण. चाल ओळखीची वाटते ती उगाच नाही. ती ब्रिटिश रॉक गायक बिली आयडॉलच्या ‘डान्सिंग विथ मायसेल्फ’शी जुळते, म्हणून गीतकारांत त्याचंही नाव आहे.

‘अ‍ॅट द डोअर’मध्ये ड्रम्सच नाहीत. भरदार सिंथेसायझर आणि बँडचा गायक ज्युलियन कासाब्लांकासचा उघडा पडलेला आवाज. गर्दीच्या लोकलमध्ये मला ते पोकळ वाटलं होतं. मग एका रात्री ठाण्याच्या तलावपाळीवर, वर्दळ ओसरल्यावर, हेडफोन लावून ऐकलं आणि तिथेच बसून राहिले. सात वर्षांनी अल्बम आणताना जुनंच गिरवण्यापेक्षा ही जोखीम कितीतरी मोठी. माझी पसंती यालाच.

बँड नव्यानं ऐकणाऱ्याला मात्र आधी ‘बॅड डिसिजन्स’ लावून द्या.